सरळ रेषेतले सहा किलोमीटर

माझ्या ऑफिसात येणारा कास्तकार आधी पिशवी टेबलावर ठेवतो, मग स्वतः बसतो. पिशवी बहुधा बियाण्याच्या कंपनीची. आत सात-बारा, आठ-अ, बहिणींचं हक्कसोडपत्र, सोसायटीचा नादेय दाखला, पासबुक, आणि सगळ्यात खाली, चार घड्या घातलेली आयकराची नोटीस. ती नेहमी खालीच असते. वरचे कागद एकेक करून दाखवून झाले, पाणी पिऊन झालं, पावसाबद्दल बोलून झालं, की मग ती निघते.

मी वकील नाही, कर सल्लागार आहे. पण यवतमाळात काळी बॅग आणि चष्मा असला की माणूस वकीलसाहेब होतो. सुरुवात केली ती एका जिनिंगच्या वह्या लिहिण्यापासून. कापसाच्या पट्ट्या, अडत, हमाली, सेल्स टॅक्स. जमिनीचे सौदे माझ्याकडे यायला लागले ते बरंच नंतर, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची भूसंपादनाची मोजणी गावोगाव सुरू झाली तेव्हापासून. २८४ किलोमीटरची ही लाइन. तिच्या नावावर आमच्या जिल्ह्यात रुळांच्या आधी प्लॉट आले. वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, पण ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ अशी पाटी त्याच्या किती तरी वर्षं आधी तुरीच्या शेतात उभी होती. स्टेशन नव्हतं, पाच मिनिटं होती.

रेल्वेत ज्यांचं वावर गेलं त्यांचं काम तसं सोपं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा झाला असेल तर त्या मोबदल्यावर आयकर नाही. कायद्यात ९६ व्या कलमात ते लिहिलेलंच आहे, आणि आयकर विभागानेही परिपत्रक ३६/२०१६ काढून ते मान्य केलं आहे. तरी कधी मोबदला देतानाच दहा टक्के कापून घेतलेले असतात, आणि मग ते परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरा, आधार-पॅन जोडा, खातं तपासा. कास्तकाराला वाटतं, मी त्याचे पैसे सोडवून आणले. मी काही केलेलं नसतं. त्याचेच त्याला मिळालेले असतात.

त्याहून अवघड प्रकरण बाभूळगावकडच्या लोकांचं, ज्यांची जमीन बेंबळा प्रकल्पात जुन्या, १८९४ च्या कायद्याखाली गेली. कोर्टात वर्षानुवर्षं लढून वाढीव मोबदला मिळतो, त्यावर व्याज मिळतं, आणि बऱ्याचदा व्याज मुद्दलाच्या पुढे गेलेलं असतं. खेड्यातल्या शेतजमिनीच्या मोबदल्यावर कर नाही; पण ते व्याज आयकराच्या नजरेत वेगळं. त्यातला अर्धा भाग वजा जाऊन उरलेल्या अर्ध्यावर कर लागतो, आणि तोही ज्या वर्षी हातात आलं त्या एकाच वर्षात. ‘माह्यं वावर गेलं, वीस वर्षं कोर्टात गेलो, आता त्याच्यावर बी टॅक्स?’ या प्रश्नाला माझ्याकडे कलम आहे, उत्तर नाही.

आता माझ्या चुकीबद्दल.

२०१७ च्या दिवाळीनंतर एका ओळखीच्या कास्तकाराने शहराजवळची चार एकर साठ लाखांना विकली. मला विचारलं, टॅक्स लागते का? मी ठामपणे नाही म्हटलं. शेतजमीन खेड्यातली असेल तर आयकर कायद्याच्या दृष्टीने ती ‘भांडवली मालमत्ता’च नाही, म्हणून नफा कितीही असो, कर शून्य. खेड्यातली कोणती, हे अंतरावर ठरतं. नगरपरिषदेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर तिच्या हद्दीपासून दोन किलोमीटर, लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत सहा, त्याच्या वर आठ. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड इथे दोन किलोमीटर सोडले की सुटलात. यवतमाळ शहर मात्र २०११ च्या जनगणनेत लाखाच्या वर, तेव्हा आमच्याकडे सहा. त्याचं वावर मोटारसायकलच्या मीटरवर सात भरत होतं. मीच मोजलं होतं, जाऊन.

दोन गोष्टी मी धरल्या नाहीत. एक, अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत, हवेतून मोजायचं. आधी यावर बराच वाद होता. आमच्याच नागपूर खंडपीठाने जुन्या वर्षांसाठी रस्त्याचं अंतर धरा असा निकाल दिला होता आणि विभागाने तो स्वीकारलाही. पण २०१४-१५ या करनिर्धारण वर्षापासून कायद्यात स्पष्ट शब्द आले: हवाई अंतर. मला हे माहीत होतं. माहीत असून मी मोटारसायकल काढली, कारण आमच्याकडे अंतर म्हणजे रस्ता. दुसरी गोष्ट जास्त मोठी. नगरपरिषदेची हद्दच सरकली होती. लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर ही ग्रामपंचायतींची गावं शहरात आली, आणि शहराची कड तेवढी पुढे गेली. वावर जागचं हललं नाही. मी जुन्या नाक्यापासून मोजत होतो, कायदा नव्या कडेपासून. सरळ रेषेत, नव्या हद्दीपासून, ते पाचही भरत नव्हतं.

खरेदी करणाऱ्याने साठ लाखांवर एक टक्का, म्हणजे साठ हजार, कापून भरले होते. पन्नास लाखांच्या वरच्या स्थावर व्यवहारात ते कापावे लागतात. खेड्यातल्या शेतजमिनीला नाही. मी तेव्हा हसलो होतो, म्हटलं घेणारा घाबरट आहे. घाबरट माणूस बरोबर होता, आणि त्या साठ हजारांच्या नोंदीवरूनच पुढे नोटीस आली.

वाचवलं ते दिग्रसच्या जमिनीने. शेत विकून दोन वर्षांत दुसरं शेत घेतलं, आणि विकलेल्या शेतात आधीची दोन वर्षं स्वतः किंवा आईबापांनी पेरा केला असेल, तर जेवढ्याचं शेत घेतलं तेवढ्या नफ्यावर कर माफ. त्याने पुढच्या जूनमध्येच दिग्रसकडे अडतीस लाखांचं वावर घेतलं होतं. माझ्या सल्ल्याने नाही, बापाच्या सांगण्याने: वावर इकून वावरच घ्यायचं, दुसरं काही नाही. जमीन वडिलोपार्जित, म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरली, एकरी साठ हजार. ती महागाईच्या निर्देशांकाने वाढवली, दिग्रसचे अडतीस लाख वजा केले. उरलेल्यावर पावणेतीन लाखांच्या आसपास कर, आणि वर व्याज. व्याज माझ्या चुकीचं होतं. ते मी भरतो म्हटलं. तो म्हणाला, ‘राहू द्या, वकीलसाहेब, तुमी काय मुद्दाम केलं?’ फी मी घेतली नाही. संक्रांतीला त्याच्या घरून दहा किलो तुरीची डाळ आली. ती खाताना मला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही.

तेव्हापासून मी नगरपरिषदेच्या हद्दीचा नकाशा टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

२३ जुलै २०२४ नंतर हिशेब आणखी बदलला. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के, पण महागाईची वजावट गेली. त्या तारखेआधी घेतलेल्या जमिनीला आणि घराला मात्र जुना वीस टक्के वजावटीसह की नवा साडेबारा, यातला कमी तो कर द्यायची मुभा आहे. आमच्याकडच्या वडिलोपार्जित जमिनीला, जिची २००१ ची किंमत नगण्य आणि आजची कोटीत, बहुधा साडेबाराच स्वस्त पडतो. हे मी लोकांना कागदावर दोन रकाने आखून दाखवतो. तोंडी सांगितलं तर ‘वजावट गेली’ एवढंच ऐकू जातं, आणि माणूस सरकारला शिव्या देत निघून जातो, फायदा झालेला असून.

कागदावरचा भाव हा आमचा दुसरा आजार. रेडीरेकनरपेक्षा खाली खरेदीखत केलं तर आयकरवाले दहा टक्क्यांच्या पलीकडच्या फरकात रेडीरेकनरचाच भाव धरतात. आणि भाव वर असेल तर वरचे पैसे पिशवीत. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख इसार घेतला तर जेवढा घेतला तेवढाच दंड बसू शकतो, हे मी २०१५ पासून सांगतो आहे. लोक मान हलवतात. मग विचारतात, ‘एकोणीस हजार नऊशे असे सात-आठदा घेतले तं?’

या सगळ्यात एक व्हिडिओ कॉल मला वेगळा आठवतो. २०२५ च्या उन्हाळ्यात कळंब रोडचे एक काका आले. पंचाहत्तरी ओलांडलेली, चाळीस एकर, विहीर, दोन बोअर. एकरी वीस लाखांचा भाव सांगत होते दलाल, म्हणजे कागदावर आठ कोटींचे धनी. पायात चप्पल तीच, पट्टा शिवलेली. मुलगा डॅलसला, ग्रीन कार्डवाला. काकांनी फोन माझ्या टेबलावर दाबाच्या दगडाला टेकवून उभा केला.

मुलगा म्हणाला, ‘काका, मी इकडे अ‍ॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर आहे. आम्ही दहा-बारा जण मिळून अपार्टमेंटच्या इमारती घेतो. बाबांची जमीन विकू, पैसे इकडे लावू. तिकडे कापसात काय ठेवलंय?’

काकांनी मला विचारलं, ‘हे अ‍ॅक्रेडिटेड म्हणजे का असते जी?’

मी समजावलं. तिकडच्या कायद्यात असं आहे की, ज्या गुंतवणुकीची सरकारदरबारी पूर्ण नोंदणी झालेली नाही, तिच्यात शिरायचं तर तुमची ऐपत दाखवावी लागते. सलग दोन वर्षं वर्षाला दोन लाख डॉलर कमाई, नवरा-बायको मिळून तीन लाख, किंवा राहतं घर सोडून दहा लाख डॉलरची मालमत्ता. बुडालं तर सोसू शकेल अशा माणसालाच आत घ्यायचं. आपल्याकडेही सेबीने २०२१ मध्ये हे आणलं: वर्षाला दोन कोटी उत्पन्न, किंवा साडेसात कोटींची मालमत्ता, पण तिच्यातली निम्मी तरी शेअर, ठेवी, फंड अशा आर्थिक रूपात हवी. किंवा दोन्ही थोडं थोडं: एक कोटी उत्पन्न आणि पाच कोटी मालमत्ता, तीही निम्मी आर्थिक.

काकांनी बोटांवर हिशेब केला. आठ कोटी म्हणजे तेव्हाच्या भावाने दहा लाख डॉलरला थोडे कमीच. आणि इकडे? आर्थिक म्हणावं असं काकांकडे जिल्हा बँकेतली एक ठेव आणि आयुर्विम्याची एक पॉलिसी. चाळीस एकर मातीला सेबीच्या त्या निम्म्यात जागा नाही.

‘म्हणजे आपण कुठंच पास नाही?’ काका म्हणाले, आणि इतके खुश होऊन हसले की मुलाला वाटलं फोन बिघडला.

मी मुलाला बाकीचंही सांगितलं. बाबांच्या नावाने पैसे परदेशी पाठवायचे तर वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. दहा लाख रुपयांच्या वर बँक वीस टक्के आधीच कापून घेणार. ते विवरणपत्रात वळते होतात, पण वर्षभर अडकतात. तिकडची गुंतवणूक दरवर्षी बाबांच्या विवरणपत्रात दाखवावी लागेल, उत्पन्न असो नसो. विसरलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात दहा लाखांचा दंड बसू शकतो. मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘बरं, मग विकायला नको. शेजारची पाच एकर निघालीय ना? ती माझ्या नावाने घेऊन ठेवू.’

ती त्याला घेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, हा एक कायदा. आणि विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या ८९ व्या कलमाने बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन विकायला बंदी, हा दुसरा.

‘पण मी त्याच घरात जन्मलो, काका.’

खरं होतं. डॅलसला पगाराची पावती दाखवून तो लाखो डॉलरच्या इमारतींत भागीदार होतो, आणि कळंब रोडला एक गुंठा त्याच्या नावाने खरेदी होत नाही. तिथे विचारतात, तुझ्याकडे किती आहे? इथे विचारतात, तू कोण आहेस? दोन्ही दारांवर निदान कुणी तरी उभा आहे.

तिसऱ्या दारावर कुणीच नसतं, आणि माझं बरंचसं आयुष्य त्या दाराशी गेलं आहे. माझ्या ओळखीचे एक जिल्हा परिषदेचे गुरुजी. रेल्वेच्या हवेत, २०१३ च्या सुमारास, त्यांनी दीड हजार फुटांचा प्लॉट घेतला. साडेचार लाख, पीएफमधून काढलेले. जमिनीचं एनए झालेलं नव्हतं, लेआऊट मंजूर नव्हता. शेताचेच कागदावर तुकडे पाडून शंभराच्या बाँडवर नोटरी करून दिले. गुरुजींचा पगार किती, बुडालं तर काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मंगल कार्यालयात जेवण होतं आणि नकाशावर बागेची जागा हिरव्या रंगात होती. आज ५०० चौरस मीटरच्या वरचा किंवा आठाहून जास्त प्लॉटचा प्रकल्प महारेराकडे नोंदवल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. मे २०१७ च्या आधी तेही नव्हतं. खरेदीखत झालंच नाही, म्हणून फेरफार नाही, म्हणून सात-बारावर मूळ मालक. तो गेला, त्याच्या मुलांनी परत कापूस लावला. सिमेंटचे खांब मात्र अजून आहेत, अर्ध्या पुरुष उंचीचे, नंबर घातलेले. डवरणीच्या वेळी बैल त्यांना वळसा घालतात.

गुरुजी माझ्याकडे आले ते कर वाचवायला: हा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होतो का? तोटा दाखवायलाही कागद लागतो, गुरुजी, असं मला म्हणावं लागलं. हल्ली ते मोठ्या शहरांतल्या ऑफिस-इमारतींचे तुकडे विकणाऱ्या योजनांबद्दल विचारतात. २०२४ मध्ये सेबीने त्यांना लहान रीट म्हणून चौकटीत आणलं, किमान दहा लाखांची गुंतवणूक ठरवली. गुरुजी म्हणाले, ‘दहा लाख म्हणजे आपल्याला येऊच देत नाही.’ मला मनातून वाटलं, २०१३ मध्ये असं कुणी म्हणायला हवं होतं. बोललो नाही.

कळंब रोडचे काका त्याच डिसेंबरात गेले. मुलगा आला, तेरवी झाली, आणि आम्ही दोघं वारसाच्या नोंदीसाठी गेलो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण बाहेरच्या बाकावर बसलेले सगळे ‘तलाठीसाहेब आले का?’ असंच विचारत होते. मृत्यूचा दाखला, वंशावळ, स्वयंघोषणा. विकत घेता येत नाही, पण बापाकडून आलेलं ठेवता येतं. त्याला कुठलाच कायदा आडवा येत नाही. मुलाचं नाव वारसांत चढवायला घेतलं.

बाहेर आल्यावर त्याने अमेरिकेतल्या त्याच्या अकाउंटंटचा मेल दाखवला. तिकडे म्हणे जगातल्या कुठल्याही विक्रीवर कर लागतो. इथे खेड्यातली शेतजमीन म्हणून शून्य असला तरी. पण वारशाने आलेली मालमत्ता बाप गेला त्या दिवशीच्या किमतीला धरतात, तेव्हा त्या तारखेचं मूल्यांकन करून ठेवा. बापाच्या मरणाची तारीख म्हणजे किमतीची तारीख. त्याने मेल वाचून दाखवला आणि फोन खिशात ठेवला. बराच वेळ काही बोलला नाही.

संध्याकाळी आम्ही वावरात गेलो. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उभ्या. मी त्याला सांगितलं, इकडे कर लागतो की नाही हे पाहायचं तर नगरपरिषदेच्या नव्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटर मोज, रस्त्याने नको. तो विहिरीच्या कठड्यावर चढला, फोनवर नकाशा उघडला, बोटाने रेघ ओढली.

‘पाच पॉइंट नऊ,’ म्हणाला.

मग उतरून पऱ्हाट्यांतून चालत पलीकडच्या धुऱ्यापर्यंत गेला, काकांनी लावलेल्या आंब्याखाली उभा राहिला, पुन्हा रेघ ओढली आणि तिकडून ओरडला, ‘काका, इथे सहा पॉइंट एक येतंय!’